पेट्रोल बंद करणारं बटण

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी आमच्या मिसिसागाच्या घरातल्या गॅसच्या शेगडीचे चारही नॉब उपटून काढायचे, पर्समध्ये टाकायचे आणि मार्कहॅमला ऑफिसला घेऊन जायचे. एकदा मीटिंगमध्ये पेन काढायला गेले तर एक नॉब टेबलावर पडून गोल गोल फिरत मॅनेजरपुढे जाऊन थांबला. त्याने विचारलं, हा कशाचा? माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांचा." त्याने तो अगदी आदराने मला परत दिला. वडील वारले असावेत आणि ही त्यांची आठवण असावी, अशी त्याची समजूत झाली. ती मी आजतागायत दुरुस्त केलेली नाही.

वडील ठणठणीत होते आणि माझ्या बेसमेंटमध्ये माझ्यावर रुसून बसले होते.

झालं होतं असं. आई गेल्यावर बाबा नागपूरला दोन वर्षं एकटे राहिले. मजेत राहिले, असं तेच सांगायचे. मग एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि खाली जाऊन कोणाची तरी स्कूटर खोलून बसले. पातेल्याचा कोळसा झाला, स्वयंपाकघरात धूरच धूर, काकूंनी धावत जाऊन गॅस बंद केला. आणि हे तिसऱ्यांदा. मी लगेच बाबांना फोन लावला तर म्हणतात कसे, "कोणतं दूध? दूध नव्हतंच घरात." चाळीस वर्षं बसडेपोत काढलेला हेडमेकॅनिक, अख्खा डेपो ज्याला टरकून असायचा तो माणूस, मला धडधडीत खोटं सांगत होता. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी जे करते तेच केलं. बाबांचं विमानाचं तिकीट काढलं.

परतीचं तिकीट दिवाळीच्या आठ दिवस आधीचं होतं, कारण परतीचं तिकीट हातात पडल्याशिवाय बाबा विमानतळाकडे फिरकायलाच तयार नव्हते. माझा बेत होता की ते रद्द करायचं आणि बाबांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं. बाबांचा बेत होता की ते वापरायचं. दोघांना एकमेकांचा बेत पुरता ठाऊक होता आणि त्याविषयी दोघंही चकार शब्द काढत नव्हतो. आमच्या घराण्यात असंच चालतं.

नॉबचं प्रकरण जूनमध्ये संपलं. एक दिवस मी लवकर घरी आले तर ओट्यावर चहा उकळत होता आणि नॉबच्या जागी दांडीला पक्कड लावलेली होती. बाबा शांतपणे आलं किसत होते.

"तुझ्या शेगडीचे नॉब कोणीतरी चोरून राहिलं बेटा," ते म्हणाले. "मला वाटत होतं कॅनडात चोऱ्या होत नाहीत."

मी पर्समधून चारही नॉब काढून ओट्यावर ठेवले. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा गाळला. चहा मात्र फर्मास झाला होता, कबूल करायलाच पाहिजे.

या सगळ्यात गाडी आली ती माझ्या नवऱ्यामुळे. नवरा सॉफ्टवेअरमधला, जन्म पुण्याचा, आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्याला जुन्या गाडीची हौस आली. एटोबिकोतले एक म्हातारे गृहस्थ घर विकून कॉन्डोत राहायला चालले होते, त्यांच्याकडून त्याने ती घेतली. दोन दारांची, लांबलचक, कार्ब्युरेटरवाली, आणि पुढे-मागे लोखंडी बंपर इतके भक्कम की त्यांवर चारचौघांनी गप्पा मारत बसावं. रंग कधी काळी मोरपंखी असावा. घरी येईपर्यंत ती वाटेत दोनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी. नवरा तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. बाबा बेसमेंटमधून वर आले. आल्यापासून पहिल्यांदाच कोणी न बोलावता वर आले होते.

त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि नाकाशी धरली.

"पेट्रोल येऊन राहिलं ऑइलमध्ये," ते म्हणाले. "पंपाचा पडदा फाटला. जावईबापू, पाना आणा."

जावईबापूंकडे पाना नव्हता. त्यांच्याकडे गाडी होती, गाडीचं कव्हर होतं, गाडीचं चित्र असलेला टी-शर्ट होता, पण पाना नव्हता. बाबांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना डेपोतला वैताग पाहून मला इतका आनंद झाला की मी तशीच चप्पल घालून पाने आणायला दुकानात गेले.

आता हा पंप म्हणजे काय ते सांगते, फार काही अवघड नाही. जुन्या गाड्यांमध्ये टाकीतलं पेट्रोल ओढून घेणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन फिरलं की तो चालतो, थांबलं की थांबतो. आमच्या गाडीचा तसा नवा पंप मिळेना. एक मागवला तो बसेना, दुसरा बसला तो गळायला लागला. शेवटी मी म्हटलं, टाकीजवळ विजेवरचा पंप लावून टाकू, तो आत्ता कुठेही मिळतो. मी लिफ्टच्या कंपनीत काम करते. लिफ्टमध्ये काही बिनसलं तर तिने कोणाची वाट न पाहता जागच्या जागी थांबावं, याची सोय करण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे वायरिंग माझ्याकडे आलं, पाने-पकडी बाबांकडे, आणि नवऱ्याकडे टॉर्च.

"इलेक्ट्रिक पंपाचं लफडं तुला माहीत आहे नं?" बाबा म्हणाले. "इंजिन बंद पडलं तरी किल्ली चालू असली की हा पेट्रोल ओततच राहीन. उद्या कोणी मागून ठोकलं, नळी तुटली, तर रस्त्यावर होळी."

"म्हणूनच तर त्याला तोडणारे दोन स्विच लावायचे आहेत."

पहिला स्विच ऑइलच्या दाबावरचा. इंजिन फिरत असेल तर ऑइलला दाब असतो, दाब असेल तरच पंपाला वीज. इंजिन थांबलं की पंप बंद. हा बाबांना ताबडतोब पटला. "हा इंजिनाला विचारून काम करते. बरोबर आहे." दुसरा स्विच धक्क्याचा. आत लोहचुंबकावर एक गोळी बसलेली असते. गाडीला जोराचा दणका बसला की गोळी उडते, पंपाची वीज तुटते आणि डोक्यावरचं लाल बटण टपकन वर येतं. ते हाताने खाली दाबेपर्यंत पंप काही चालू होत नाही. हा स्विच पाहून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोणाला विचारते?"

"कोणालाच नाही. धक्का बसला की बंद."

"मग गाडीत ड्रायव्हर काहून बसवला? तो करन नं किल्ली बंद."

"बाबा, ड्रायव्हर बेशुद्ध पडला तर? घाबरला तर? विसरला तर?"

तो शब्द मी बोलायला नको होता. नवऱ्याने हातातला टॉर्च उगाचच हलवला. बाबांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"ड्रायव्हर विसरत नसते," ते म्हणाले आणि बेसमेंटमध्ये निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्याशी मात्र मुद्दाम मला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायचे. "जावईबापू, इथे जिना चढायला पण माणसाने लिफ्टला विचारायचं असते का हो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गॅरेजमधून ठुक ठुक आवाज येत होता. जुना पंप काढल्यावर इंजिनाला पडलेलं भोक झाकायला पत्र्याची पट्टी लागते आणि पट्टीखाली कागदाचं पॅकिंग. बाबांनी माझ्या मुलीच्या कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडला होता, तो इंजिनाच्या कडेवर धरून हातोडीच्या गोल टोकाने हलके हलके ठोकत होते आणि कडेबरहुकूम पॅकिंग कापलं जात होतं. कात्री नाही, पट्टी नाही, पेन्सिल नाही. डेपोत ते असंच करायचे, फक्त तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा असायचा. माझी मुलगी दारात पायजम्यात उभी राहून तोंड उघडं टाकून बघत होती. "दॅट्स इन्सेन, आजोबा," ती म्हणाली. आजोबांना इंग्रजी कळलं नाही, पण कौतुक कळलं. त्यांनी तिला उरलेले कॉर्नफ्लेक्स भगोण्यात ओतून ठेवलेत म्हणून सांगितलं.

मला तिथेच गॅरेजच्या दारात युक्ती सुचली. गाडीचं काम चालू आहे तोवर बाबा तिकिटाचं नाव काढत नाहीत. मग काम चालू ठेवायला काय हरकत आहे?

मी लबाडी सुरू केली. एक साधा फ्यूज मागवायला नऊ दिवस लावले. पंपाला वीज जोडून देणारा रिले चुकीचा मागवला, परत पाठवला, पुन्हा चुकीचा मागवला. वायर निळी हवी, काळी चालणार नाही, असा हट्ट धरला. ऑफिसमध्ये माझं काम वेळेआधी उरकतं अशी ख्याती आहे माझी, आणि इथे चार वायरी जोडायला मी सगळा ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर खाल्ला. बाबा रोज सकाळी सातला गॅरेजमध्ये हजर. ब्रेक खोलले, परत लावले. दारांच्या बिजागऱ्यांना वंगण दिलं. शेजारचे सरदारजी गवत कापायचं यंत्र घेऊन आले, तेही चालू करून दिलं. मग त्यांच्या भावाचं आलं. बाबांचं वजन वाढलं, आवाज वाढला. रात्री जेवताना ते नवऱ्याला कार्ब्युरेटर समजावून सांगायचे आणि नवरा मान डोलवायचा. माझी खात्री पटली, आता हे कुठे जात नाहीत.

शेवटी धक्क्याचा स्विच बसवायची वेळ आली, कारण त्याखेरीज काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

"मागे डिकीत लाव, जाड पत्र्यावर," बाबा म्हणाले. "पुढचा पत्रा पापडासारखा आहे."

"पुढे बॉनेटखाली लावते. बॉनेट उघडलं की हात पोचतो."

"तुझी मर्जी. स्विच तुझा आहे."

मी पुढे लावला, बंपरच्या अगदी मागे, पापडावर.

दसरा शनिवारी आला होता. नवऱ्याने ओळखीची पाच-सहा कुटुंबं जेवायला बोलावली, म्हणजे गाडी बघायला बोलावली. बाबांनी आदल्या दिवशी खंडेनवमीला पाने, पकडी, हातोडी, माझं वीज मोजायचं मल्टिमीटर सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. मल्टिमीटर धुऊ नका म्हणून मी ओरडले तोवर त्याला ओलं फडकं लागून गेलं होतं. दसऱ्याच्या दिवशी परसातल्या कुंड्यांतला सगळा झेंडू उतरवून गाडीला हार केला. चाकांखाली लिंबं ठेवली. मी जरीची साडी नेसले होते. मला ती गाडी चालवत कोपऱ्यापर्यंत न्यायची होती, लोकांसमोर, बाबांना शेजारी बसवून. आणि परत आल्यावर सगळ्यांसमक्ष म्हणायचं होतं, "बाबा, आता हिवाळ्यात हिचं इंजिन खोलायचं ना?" चारचौघांत बाबा नाही म्हणत नाहीत. हेही माझ्या बेतातच होतं.

बाबांनी नारळ उचलला.

"ड्राइव्हवेवर नको हं," नवरा घाईने म्हणाला. त्याने नुकतंच तिथे विटांचं काम करून घेतलं होतं.

"ड्राइव्हवेवर कोण फोडते? डेपोत नारळ बंपरवरच फुटते."

आणि त्यांनी उजवा हात खांद्यामागे नेऊन, चाळीस वर्षांच्या सगळ्या दसऱ्यांचा जोर लावून, तो नारळ बंपरवर असा हाणला की हारातला झेंडू खाली गळला. नारळाची दोन शकलं उडाली. एक गुलाबाच्या वाफ्यात गेलं आणि पाणी एका बाईंच्या पैठणीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पुन्हा टाळ्या. लिंबं फुटली. मी ऐटीत मागे घेत ड्राइव्हवेतून बाहेर आले, रस्त्यावर गाडी आडवी केली, गिअर बदलला, आणि गाडी दोनदा उचकी देऊन मधोमध बंद पडली.

पुन्हा किल्ली. काही नाही. पुन्हा. इंजिन नुसतं घरघरत होतं. एका बाजूने पार्सलची व्हॅन येऊन थांबली, दुसऱ्या बाजूने शेजारचे सरदारजी ग्रोसरी घेऊन. त्यांनी काच खाली केली. "बहनजी, धक्का मारें?"

सिल्कच्या कुर्त्यांतल्या पाच इंजिनिअरांनी आणि एका सरदारजींनी गाडी ढकलून कडेला लावली. मग सुरू झाले सल्ले. एक म्हणाला, पेट्रोल आहे ना? दुसरा म्हणाला, पाच मिनिटं बंद ठेवून परत स्टार्ट करून बघा. हा अर्थातच सॉफ्टवेअरवाला. तिसऱ्याने फोन काढून गाडीचा आजार शोधायला घेतला. मी पदर खोचला, मल्टिमीटर आणलं आणि कामाला लागले. फ्यूज ठीक. रिले ठीक. बॅटरी ठीक. मागे जाऊन जरीच्या साडीतच गाडीखाली वाकले. पंपापर्यंत वीज पोचत नव्हती. का पोचत नव्हती? मल्टिमीटर कालपासून ओलं आहे म्हणून ते खोटं सांगतंय की काय, असं वाटून मी त्याच्यावरच खेकसले. मुलगी म्हणाली, "मॉम, एव्हरीबडी इज लुकिंग." मला माहीत होतं की सगळे बघतायत. माझं सगळं आयुष्य कुठे वीज तुटली ते शोधण्यात गेलं होतं, आणि मला माझ्या स्वतःच्या चार वायरी उमगत नव्हत्या.

बाबा ड्राइव्हवेवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नारळ खात होते. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. वाटीतला शेवटचा तुकडा संपवून त्यांनी हात झटकले.

"तुझं ते लाल बटण पाहिलं का?"

मी बॉनेटमध्ये वाकले. बटण टपकन वर आलेलं होतं. त्या पापडावर लावलेल्या स्विचला नारळाचा दणका थेट बसला होता आणि त्याला वाटलं, अपघात झाला. कार्ब्युरेटरमध्ये जे घोटभर पेट्रोल उरलं होतं त्यावर गाडी रस्त्यापर्यंत आली होती, एवढंच. मी बोटाने बटण दाबलं, किल्ली फिरवली, मागून पंपाची टकटक ऐकू आली आणि गाडी सुरू झाली. लोक ओरडले, सरदारजींनी हॉर्न वाजवला. मी मात्र तावातावाने बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"ती उचकी दिली नं, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"तू बापाला विचारलं कुठे?" ते म्हणाले. "तू सगळ्यांना विचारलं. मशीनला विचारलं. मला नाही विचारलं."

इतक्या माणसांपुढे मी ठरवलेलं ते हिवाळ्याचं वाक्य मग बोलवलं नाही.

पाहुणे गेल्यावर, उजेड होता तोवर, मी बाबांना घेऊन त्याच गाडीतून तळ्याच्या रस्त्याने चक्कर मारायला निघाले. दोघंच. गाडी मस्त चालली होती. बाबा काच खाली करून पंपाची टकटक ऐकत होते.

"स्विच चांगला आहे," ते एकदम म्हणाले. "जागा चुकली, पण स्विच चांगला आहे. माझ्या नारळाला पण भ्यायला. भ्यायलाच पाहिजे. त्याने थांबवली गाडी, दाबलं की चालली. कोणाचं काही गेलं नाही."

"मग? मी तेच म्हणत होते ना? असा स्विच असला की गाडी बिनघोर रस्त्यावर काढता येते. नाहीतर भीतीपोटी गॅरेजमध्येच ठेवावी लागली असती."

बोलून झाल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं.

"हो नं," बाबा म्हणाले. "तर मला तसाच एक नागपूरच्या गॅसला लावून दे."

मी गाडी कडेला घेतली. मला ओरडायचं होतं. मी ओरडलेही. म्हटलं, तिकडे आहे काय तुमचं? इथे मी आहे, नात आहे, अख्ख्या गल्लीची गवताची यंत्रं आहेत. मुद्दाम चुकीचे रिले मागवले मी, बाबा, तुम्ही राहावं म्हणून, निळ्या वायरीचं नाटक केलं.

"ते मला दुसऱ्याच रिलेला समजलं," ते म्हणाले. "तू लहानपणी गृहपाठ अशीच लांबवायची. मी पण लांबवलं. ब्रेक काय दोनदा खोलायचे असतात का? मला चांगलं वाटत होतं बेटा. पण तुझ्या घरात मी पाहुणा आहे. चहा करायचा तर पहिले नॉब शोधावे लागले. तिथे माझी किल्ली माझ्या खिशात राहते."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, आणि थोड्या वेळाने म्हणाले की इंजिन उगाच चालू नको ठेवू, पेट्रोल जळते.

मग पुढचे काही दिवस आम्ही भांडलो, पण ते वेळेवरून. ठराविक मिनिटांनी सिलिंडरचा गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह तयार मिळतो. गॅसवाल्याचा माणूस येऊन बसवून देतो. बटण दाबलं की पुन्हा तेवढाच वेळ चालू. मी म्हटलं, दहा मिनिटं. बाबा म्हणाले, दहा मिनिटांत तुझ्या सासूची डाळ तरी शिजते का? त्यांना चाळीस हवी होती. वीसवर तोडगा निघाला. मी भिडेला पडून पंचवीस केली असती, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी त्यांना विमानतळावर सोडलं, आणि पार्किंगमधून बाहेर पडायचा रस्ता मला तीनदा चुकला.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस सकाळी ऑफिसला निघताना माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडत होते. फोन वाजला. नागपूर. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. मी दातांनी हातमोजा ओढून फोन घेतला. आत्तापर्यंत दूध जळाल्याची बातमी नेहमी काकूंकडून यायची आणि मग बाबा म्हणायचे, दूध नव्हतंच. फोनवर बाबाच होते.

"बिझी आहे का?"

"नाही, बोला ना. काय झालं?"

"काही नाही. दूध ठेवलं होतं. खाली एकाची मोटरसायकल पाहत होतो. वर आलो तर गॅस बंद झालेला होता, पातेलं थोडंसं लागलं, बाकी काही नाही. मी विसरलो होतो."

मी हातातला स्क्रेपर बॉनेटवर ठेवला. "बरं झालं सांगितलंत, बाबा," मी म्हटलं.

"तुला नाही सांगणार तर कोणाला सांगू," ते म्हणाले, आणि पातेलं घासायला भिजत टाकतो म्हणून फोन ठेवला.